अहोंचा टँक

मी आयुष्यात एकदाही सिगरेट ओढलेली नाही. बिडी नाही, हुक्का नाही, कॉलेजच्या सहलीत मैत्रिणींनी "एकच घे गं, काही होत नाही" म्हणून पुढे केलेलीसुद्धा नाही. तरी हॅलिफॅक्स-डार्टमथच्या मराठी घरांत कुणाचा व्हेप गळायला लागला की फोन मला येतो. "वहिनी, ह्यांचं ते मशीन जळकं लागतंय म्हणे." मी फोन खांद्याशी दाबून, कणीक मळता मळता सांगते, "कापूस ठासून भरला असेल. थोडा कमी कर, लिक्विडनं नीट भिजू दे, मग टोपण लाव. घाई करू नको." काय तो थाट! सुपारीच्या खांडानंही मला ठसका लागतो, पण सल्ला द्यायला मी कधी कमी पडलेली नाही.

ही अवदसा आठवली ती नवऱ्यापायी. लग्न जमवताना त्यांच्याकडून सांगितलं होतं, "मुलगा निर्व्यसनी आहे हो, जेवणानंतर बडीशेप तेवढी खातो." ती बडीशेप सिगरेटचा वास जावा म्हणून असायची हे मला लग्नानंतर कळलं. कराडहून इकडं कॅनडात आलो तेव्हा मला वाटलं, चला, इथली थंडी तरी ह्यांची सिगरेट सोडवेल. कसलं काय! बाहेर उणे वीस, आणि हा माणूस पार्का, कानटोपी, बूट असा सगळा जामानिमा करून बाल्कनीत उभा. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसा म्हटलं की गुडघा दुखायचा. सिगरेटसाठी त्याच बर्फात उभं राहताना त्याच गुडघ्याला काही व्हायचं नाही. मी आत भांडी आपटायची, ते बाहेर धूर सोडायचे. आमच्या संसारातल्या कितीतरी संध्याकाळी आम्ही काचेच्या दारातून एकमेकांकडं बघत काढल्या.

मग एकदा फॅमिली डॉक्टरनं ह्यांच्या छातीला नळी लावली. तरुण पोरगी, बोलायला गोड, पण आडपडदा नाही. म्हणाली, "तुमच्या छातीत शिट्टी वाजतेय. असंच चालू राहिलं तर काही वर्षांनी जिना चढताना मध्येच बसावं लागेल. नंतर ऑक्सिजन." मी तिथंच रडायला लागले. घरी आल्यावर ह्यांनी सिगरेट सोडली. मग परत धरली. पॅच लावले, च्युइंगगम चघळलं, गोळ्या घेतल्या, आणि प्रत्येक वेळी गाडी फिरून फिरून गॅस स्टेशनपाशीच, म्हणजे सिगरेट मिळते त्या पेट्रोल पंपापाशीच, थांबली. शेवटी डॉक्टर म्हणाली, "बरं, व्हेप करून बघा. पण लक्षात ठेवा, ती शिडी आहे, घर नाही. वर पोचलात की सोडून द्यायची." आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. त्या शिडीवर पडदेबिडदे लावून संसार थाटणारी मीच निघाले, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली बॅटरी, वर काचेचा छोटासा टँक, टँकमध्ये लिक्विड. टँकच्या पोटात तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणायचं, आणि त्या वेटोळ्यातून कापूस ओवलेला असतो. कापूस लिक्विड पितो, बटण दाबलं की तार तापते, वाफ होते. समईसारखंच सगळं, फक्त उजेड पडत नाही.

दुकानातून आणलेला पहिला व्हेप आठवड्याभरात गळायला लागला. शर्टाच्या खिशांना डाग, लंचबॅग चिकट. मग तो जळका लागायला लागला. "घशात कुणीतरी काडी ओढल्यासारखं होतं गं," म्हणायचे. आणि एक दिवस धुवायला टाकायच्या आधी मी त्यांचा पार्का चाचपला, तर आतल्या खिशात सिगरेटचं पाकीट. मी उखडलेच.

"अहो, हे काय आहे?"

"ते मशीन बिघडलं होतं."

"म्हणून लगेच? चप्पल तुटली तर काय पाय तोडून टाकाल?"

ह्या वाक्याचा नेमका अर्थ काय ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्या क्षणी ते फार बिनतोड वाटलं. मी पाकीट नळाखाली धरलं, आणि तो गळका टँक त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. मशीन बिघडलं की हा माणूस सिगरेटकडं जातो ना? मग मशीन बिघडणारच नाही. बघतेच कसं बिघडतं ते. ह्या असल्या तिरमिरीत मी आजवर आयुष्यातले सगळे मोठे निर्णय घेतले आहेत.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या कवळ्या बनवते. डोळ्यांवर भिंग, हातात बारीक चिमटे आणि पक्कड, दिवसभर हेच. त्यामुळे तारेचं वेटोळं वळणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. वाटायला काय लागतं! पहिली कॉइल मी वळली तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटून मध्येच लालबुंद व्हायचे, बाकीची तार आपली थंडगार. दुसरीचं टोक लांब राहिलं, ते टँकच्या धातूला टेकलं आणि बॅटरीनं "शॉर्ट" अशी पाटी दाखवून डोळे मिटले. तिसऱ्या वेळी तार छान होती, पण कापूस मी औषधाच्या कपाटातला घातला. ह्यांनी एक झुरका घेतला आणि म्हणाले, "हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यासारखं वाटतंय." नंतर कापूस कमी घातला तर टँक नळासारखा गळला, जास्त घातला तर कोरडा पडून जळला. कणकेत पाणी किती घालायचं ते सासूबाईंनी मला मारून मुटकून शिकवलं होतं. कापसाचं प्रमाण शिकवायला कुणी सासू नव्हती.

पण जमलं. एका रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बसले होते. कॉइल बसवली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. तार आधी आत मधोमध लाल झाली आणि मग लाली दोन्ही कडांकडं सारखी पसरत गेली. कापूस ओवला, शेपट्या कातरल्या, खाचांत अलगद बसवल्या, लिक्विडनं भिजवल्या. ह्यांनी झुरका घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पहिल्यांदा पुरणपोळी केली होती तेव्हा बघत होते, अगदी तशी.

"छान आहे," ते म्हणाले.

झालं! मला आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हापासून आमचा रविवार लागला. पोहे, चहा, टेबलावर वर्तमानपत्र. मी भिंग लावून जुनी कॉइल काढायची, टँक कोमट पाण्यात धुवायचा, रबराच्या रिंगा तपासायच्या, एखादी चिरलेली सापडली की "तरीच गळत होता मेला!" म्हणून ओरडायचं. ते समोर बसून चहा प्यायचे आणि बोलायचे. बंदरातल्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात काय झालं, कामावर जाता-येता फेरीबोटीत कोण भेटलं, कराडच्या घराची गच्ची कशी गळतेय. मी खाली मान घालून "हं, मग?" म्हणायची. इतकी वर्षं हा माणूस बाल्कनीत काय विचार करत उभा असायचा ते मला त्या टेबलावर कळायला लागलं. खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. धुक्यात खिडकीबाहेर काही दिसत नसायचं, त्याचं काही वाटायचं नाही.

इथवर ठीक होतं. पण अति तिथं माती, आणि मी तर मातीचा ढीग घातला. आमच्या प्रांतात लिक्विडच्या फ्लेवरवर बंदी आहे, तंबाखूची तेवढी चव मिळते. ह्यांना बिचाऱ्यांना रोज रोज तेच, म्हणून मला कळवळा आला आणि मी टँकमध्ये केवड्याच्या इसेन्सचा एक थेंब टाकला. ह्यांनी झुरका घेतला. सगळ्या घरात लग्नाच्या कार्यालयासारखा वास सुटला. त्यांचे डोळे भरून आले, ठसका लागला, आणि ठसक्यातून वाट काढत ते म्हणाले, "छान आहे." ग्वेल्फला शिकणाऱ्या आमच्या लेकीला मी हे फोनवर कौतुकानं सांगितलं तर ती किंचाळली, "आई, आर यू क्रेझी? दॅट गोज इन हिज लंग्ज!" मी तो टँक ताबडतोब ओतला. माझ्या अकलेचे दिवे मी स्वतःच लावते, दुसऱ्या कुणाची गरज नाही. पण तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हे आलं नाही, की ज्या माणसानं केवडा ओढून "छान आहे" म्हटलं, त्याच्या बाकीच्या "छान आहे"चं काय?

उलट माझी कीर्ती वाढली. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं, तर बायका तिळगुळाबरोबर झिपलॉकच्या पिशव्यांतून आपापल्या नवऱ्यांचे गळके टँक घेऊन आल्या. एकीनं कुंकू लावून घेता घेता पर्समधून काढून दिला. "वहिनी, जरा बघा ना, वाफच येत नाहीये." नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर लॅबचं भिंग चढवून मी सोफ्यावर बसले आणि निदान करत सुटले. "थंडीनं लिक्विड घट्ट झालंय, गाडीत ठेवू नका म्हणावं रात्रभर." वाण म्हणून काय लुटलं विचारता? रबराच्या रिंगांचं पाकीट. लेकीनं तो फोटो पाहिला आणि एवढंच लिहिलं, "ओ माय गॉड, आई."

डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं लिक्विडमधलं निकोटिन मात्र आम्ही पायरीपायरीनं कमी करत होतो, आणि एके दिवशी ते शून्यावर आलं. मला वाटलं, जिंकलो. शून्यावर आल्यावर टँकची गरज काय, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. रोज सकाळी मी डबा भरायची आणि टँक भरायची. पोळीभाजीचा डबा आणि काठोकाठ टँक, दोन्ही लंचबॅगेत शेजारी शेजारी. संध्याकाळी दोन्ही रिकामे घरी यायचे. डबा चाटूनपुसून, टँक कोरडा ठणठणीत. रिकामा डबा बघून बाईला जे समाधान मिळतं ते मला टँक बघूनही मिळायचं. एखाद्या दिवशी घरी असले तर मीच म्हणायची, "नवी कॉइल आहे, ओढून बघा ना. आणखी एक घ्या." पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तशी.

मग ह्या हिवाळ्यात तपासणीला गेलो. तीच डॉक्टर.

"सिगरेट?" तिनं विचारलं.

"बंद," मी सांगितलं.

"निकोटिन?"

"शून्य," मीच.

"आता त्यांना बोलू द्या," ती हसत म्हणाली आणि खुर्ची ह्यांच्याकडं वळवली. "तलफ येते का?"

"नाही. गेल्या उन्हाळ्यापासून नाही."

"मग व्हेप कशासाठी ओढता?"

ह्यांच्या बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पडले होते, त्यांच्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शी फिल्स द टँक. एव्हरी मॉर्निंग."

डॉक्टरला काही कळलं नाही. मलाही नाही.

"इन अवर हाऊस," ते आणखी हळू म्हणाले, "यू डोन्ट लीव्ह एनीथिंग ऑन द प्लेट."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडं पाहिलं. तिनं ह्यांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाली, "पहिल्यापेक्षा बरं आहे. पण शिट्टी अजून आहे. एव्हाना जायला हवी होती. वाफ म्हणजे हवा नव्हे."

गाडीत बसल्यावर माझ्या जिभेचा पट्टा सुटला.

"अहो, मग तोंड नव्हतं का सांगायला? नको म्हणायचं होतं!"

"तू इतकी रंगून बसायचीस."

"म्हणून छातीत भरून घ्यायचं?"

"आई कसं सांगायची माहितीये ना. पानात टाकायचं नाही. करणाऱ्याचे हात बघायचे."

"अहो, ते भाकरीबद्दल हो! रोज फेरीबोटीनं जाता, द्यायचा ओतून समुद्रात!"

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. वायपर फिरत होते. "येताना डेकवर उभा राहून संपवायचो," ते म्हणाले. "तू केलेलं ओतू कसं? आणि मग रविवारी तू टेबलाशी बसलीच नसतीस."

मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ह्या माणसाची छाती वाचावी म्हणून मी भिंग लावून तारा वळत बसले, आणि त्याच छातीत रोज सकाळी मीच काठोकाठ वाफ भरून देत होते. वर विचारत होते, चव कशी आहे. घरी येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडले. ते म्हणाले, "अगं, शिट्टी बारीक झालीये म्हणाली ना ती." हाच तो माणूस. केवड्यातसुद्धा छान शोधणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त डबा भरला. हात सवयीनं लिक्विडच्या बाटलीकडं गेला, तो मागं घेतला. टँक धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. ते दारात थोडे थांबले, लंचबॅग हातात तोलून बघितली, आणि गेले.

तो दिवस कसा गेला माझं मला माहीत. तलफ नाही म्हणतात, पण तेच म्हणतात ना? ज्या माणसाला "नको" म्हणता येत नाही त्याच्या "नाही"वर किती विश्वास ठेवायचा? हातात काही नाही, तोंडात काही नाही, समोर गॅस स्टेशन. माझ्या डोळ्यांसमोर ते पार्क्याच्या खिशातलं पाकीटच यायला लागलं. त्या नादात मी एका म्हातारबाबांच्या कवळीत डाव्या बाजूची दाढ उजवीकडं बसवली. सुपरवायझरनं ती माझ्यापुढं धरली आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

संध्याकाळी ते आले. पार्का काढायच्या आत मी जवळ जाऊन हुंगलं. मग खिशात हात घातला. ह्या वयात, दारात उभं राहून, नवऱ्याचे खिसे तपासणारी बाई! बोटांना कागदाची पुडी लागली. काढून बघते तर बडीशेप.

बडीशेपेचा इतिहास मला ठाऊक होता.

"ओढलीत ना?" माझा आवाज चिरकला. "खरं सांगा. ओढलीत ना?"

ते पुढं झाले आणि माझ्या तोंडावर मोठ्ठा श्वास सोडला. बडीशेप. नुसती बडीशेप.

"तोंडाला चाळा म्हणून घेतली," ते म्हणाले. "सरदारजींच्या ग्रोसरीतून. गॅस स्टेशनच्या पुढचं दुकान. गॅस स्टेशनवरून चालत गेलो."

मी पानं वाढायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आमटी, भात, पोळी, भाजी. त्यांची पोळी संपत आली तशी मी सवयीनं दुसरी पानात टाकली. "घ्या. असं काय करता, एवढीशी तर आहे."

त्यांनी अर्धी खाल्ली. मग हात थांबला. पानाकडं बघत बसले. जरा वेळानं पान हातभर पुढं सरकवलं आणि म्हणाले, "पुरे. नको आता."

पानात अर्धी पोळी होती, वाटीत आमटी होती. आमच्या लग्नानंतर हे मी पहिल्यांदा बघत होते. तेही छताकडं बघत होते, आता सासूबाई कुठून तरी हाक मारतील म्हणून की काय.

"आणि एक सांगू?" ते म्हणाले. "आमटीत मीठ जास्त आहे."

"आज?"

"नेहमीच असतं."

"कधीपासून?"

त्यांनी मनातल्या मनात विचार केला. "लग्नापासून."

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! इतकी वर्षं वाट्याच्या वाट्या रिचवल्या आणि आज सांगताय? मी चमचाभर चाखली. जरा खारटच होती, काय खोटं बोलू. मी त्यांचं पान उचललं, अर्धी पोळी आणि उरलेली आमटी कंपोस्टच्या हिरव्या डब्यात टाकली. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. पण आज टाकली. मग ओट्यावरचा पालथा टँक उचलला, उरलेली तार, कापूस, रिंगांचं पाकीट, सगळं एका डब्यात भरलं आणि बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं.

वर आले तर ते बाल्कनीच्या दाराशी नव्हते. टेबलाशीच बसले होते. मी फडकं घेऊन पुसलेला ओटा परत पुसायला लागले. रविवारी पोहे झाल्यावर ह्या हातांनी आता काय करायचं, हेच मला कळत नव्हतं.

"बस ना गं," ते म्हणाले. "आपल्याला बोलायला काहीतरी बिघडायलाच पाहिजे का?"